चाळीसच्या आत

"तो दिवा तुझ्या वळणासाठी आहे, पोरी. दुसऱ्याच्या घाईसाठी नाही."

हा आवाज माझ्या बापाचा. मी तेव्हा एकवीस वर्षांची. ट्रक माझ्या हातात, बाप डाव्या अंगाला बसलेला, मांडीवर चहाचा थर्मास, आणि मागं बारा गाड्यांची रांग. आमच्या रस्त्यावर एक जुनी रीत आहे. रस्ता दुपदरी, मध्ये दुभाजक नाही, एक पदर जायला, एक यायला, पुढं काढायचं तर समोरच्याच्या पदरात शिरायचं. मोठ्या ट्रकला चाळीस मैलांची मर्यादा, मोटारींना साठ. मागच्या मोटारवाल्याला आमच्या ढुंगणाखेरीज काही दिसत नाही. आम्ही उंच बसतो, आम्हाला पुढचं दिसतं. मग ट्रकवाला डावीकडचा इंडिकेटर दोनदा मिचकावतो. पुढं मोकळं आहे, ये बाबा, असा त्याचा अर्थ. मोटारवाला सुटतो, पुढं गेल्यावर स्वतःचे दिवे मिचकावून आभार मानतो. कुठल्या पुस्तकात नाही हे. परीक्षेत कुणी विचारत नाही. पण केर्नरायनला आयर्लंडची बोट लागते तिथपासून ग्रेटनाला इंग्लंडची हद्द लागते तिथपर्यंत सगळ्यांना ठाऊक.

माझ्या बापानं, वुल मॅकहॅरीनं, चौतीस वर्षांत तो इंडिकेटर कुणाला दिला नाही.

"का नाही?" मी विचारलं होतं. "चांगुलपणा आहे की तो."

"तुला दिसतं ते तुला दिसतं. त्याला काय दिसतं ते तुला कुठं दिसतंय?" तो म्हणाला, आणि थर्मासचं झाकण फिरवत गाऊ लागला. गाणं त्याचं स्वतःचंच, चाल चर्चमधल्या कुठल्या तरी भजनाची ढापलेली.

चाल रे माझ्या चाका, तुला कसली रे घाई,
एक बोट गेली गेली, दुसरी लागेल गं बाई.

मागचे बारा जण हॉर्न वाजवत होते. तो त्यांच्या तालावर मान डोलवत होता.

बाप गेला. ट्रक बदलले. चाळीसची मर्यादा तशीच राहिली, आणि मागची रांगही.

रांगेबद्दल काय सांगू. बोट लागते तेव्हा तिच्या पोटातून तीस-तीस ट्रक एका दमात बाहेर पडतात, कोंबडीमागं पिल्लं निघावीत तसे, आणि प्रत्येकामागं मोटारींचं शेपूट. शंभर मैल. वीस वर्षं मी आरशात त्या मोटारवाल्यांची तोंडं पाहिली. दाढी करणारे पाहिले. स्टिअरिंगवर सँडविच ठेवून खाणारे पाहिले. एक बाई तर पापण्यांना रंग लावत होती, दोन्ही हातांनी, आणि मध्येच माझ्याकडं बघून मुठी आवळत होती. घरी बायकोपुढं ज्याच्या तोंडून शब्द निघत नाही तो माझ्या मागच्या चाकांना शिव्या देतो. कशासाठी? पुढं दुसरा ट्रक असतोच, तरी शंभर मैलांत वीस-पंचवीस मिनिटं वाचावीत म्हणून. आणि वाचलेल्या वेळात हे काय करतात तेही मी पाहिलंय. वाटेतल्या डम्फ्रीजच्या पेट्रोल पंपावर रांगेत उभं राहून गरम सॉसेज रोल खातात. मी मागून सावकाश येते, तीच माणसं, तोंडाला तेल लागलेलं.

मला त्यांची घृणा होती. लपवत नाही. आंघोळीचं पाणी अंगावर घ्यावं तशी मी ती रोज सकाळी अंगावर घ्यायची, आणि दिवसभर मला ऊब राहायची.

आणि बापाचं ऐकलं म्हणाल तर तेही नाही. मी इंडिकेटर द्यायची. चांगुलपणानं नव्हे. ब्याद टळावी म्हणून.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च. दुपारची वेळ, ऊन स्वच्छ, कुरणांवर नुकती जन्मलेली कोकरं, पाय अजून उधारीवर आणल्यासारखे. माझ्या ट्रकमध्ये आयर्लंडहून आलेलं गोठवलेलं मांस. मागं एक निळी छोटी मोटार, तिच्या खिडकीतून एक लांब दांडी बाहेर आलेली, टोकाला तांबडी चिंधी बांधलेली. घराच्या पडद्याची दांडी. त्या मोटारीमागं आणखी गाड्या. आणि हॉर्न.

साधा हॉर्न नव्हता तो. एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब. अकरा मैल. बोगद्यात अडकलेल्या गाढवासारखा. आरशात मला ती तांबडी चिंधी फडफडताना दिसत होती, आणि दर फडफडीला वाटे, हाच तो. पडदे लावायचेत साहेबाला. सूर्य मावळायच्या आत लावायचेत. नाहीतर शेजाऱ्यांना दिसेल आत काय चाललंय ते.

आमच्या किर्कलॉख गावाच्या अलीकडं बार्नीचा खळगा आहे. रस्ता सरळ दिसतो, बाणासारखा, पण मध्येच अंग चोरून खाली जातो आणि पुन्हा वर येतो. त्या खळग्यात अख्खी व्हॅन मावते. मोटारीतून पाहिलं तर कळतच नाही की मधला तुकडा डोळ्यांआड आहे. ट्रकमधून नीट मान वर करून पाहिलं तर दिसतो. नीट पाहिलं तर.

मी पाहिलं नाही. हॉर्न वाजला, आणि मी डावीकडचा इंडिकेटर दोनदा मिचकावला.

निळी मोटार आली नाही. मागंच राहिली. हॉर्न पुन्हा वाजला. मी म्हटलं, अरे भित्र्या, अकरा मैल बोंब मारतोस आणि वाट दिली तर येत नाहीस? मी पुन्हा मिचकावला. दोनदा. मग तो बाहेर आला, माझ्या खिडकीशेजारून गेला, तांबडी चिंधी माझ्या आरशाला घासून गेली. आणि खळग्यातून मासळीची पांढरी व्हॅन वर आली.

त्यानं व्हॅनला धडक दिली नाही. एवढं त्याचं मोठेपण सगळ्यांच्या नजरेतून सुटलं. तो उजवीकडं वळला, रस्ता सोडून, दगडी गडग्यावर. गडगा दीडशे वर्षांचा, बिनचुन्याचा, दगडावर दगड नुसता ठेवलेला, आणि तरी हलला नाही.

पोलीस आला. तरुण, कान लाल, वही नवी. त्यानं माझ्या ट्रकच्या वेगनोंदणीच्या यंत्रातून कागद काढला आणि वाचून त्याचा चेहरा उजळला.

"एकोणचाळीस," तो म्हणाला. "अकरा मैल सलग एकोणचाळीस. बाई, असं मी कधी पाहिलेलं नाही."

"चाळीसच्या आत," मी म्हणाले.

"तो मागं काय करत होता?"

"हॉर्न वाजवत होता. अकरा मैल."

"आणि तुम्ही?"

"मी चालले होते. चाळीसच्या आत."

त्यानं सगळं लिहून घेतलं. त्या यंत्रानं माझा वेग सेकंदासेकंदाला लिहिला होता. माझा इंडिकेटर लिहिला नव्हता. तेवढी जागा त्याच्यात नसते.

पुढच्या आठवड्यात मुंगो कॅरुथर्सनं, म्हणजे माझ्या मालकानं, सगळ्या ड्रायव्हरांसमोर मला एक मग दिला. पांढरा मग, त्यावर सोनेरी अक्षरांत "सुरक्षित चालक". टाळ्या वाजल्या. मी त्यातून आजवर चहा प्यायले नाही. त्यात मी गंजके खिळे ठेवते.

मेला तो ड्रू केल्सो, किर्कलॉखच्या शाळेचा शिपाई. मला तो तोंडओळखीचाही नव्हता. मी गावात फक्त झोपायला असायची. पण आता गावानं मला तो रोज दाखवला. न्हाव्याकडं, पोस्टात, दारूच्या गुत्त्यात. "बार्नीच्या खळग्यात ओव्हरटेक करतो म्हणजे गाढवच की." "अकरा मैल हॉर्न वाजवला म्हणे. ट्रकवालीनंच सांगितलं." "पडद्याच्या दांडीपायी जीव दिला, पोरांना सांगायला बरं आहे." ज्या माणसानं वीस वर्षं त्यांच्या पोरांची नाकं पुसली, वर्गात ओकलेलं साफ केलं, त्याचं एका दुपारीत गाढव झालं. आणि ते गाढव मी केलं होतं, माझ्या एका वाक्यानं.

मी गप्प राहिले. गावाची किळस करत राहिले. ते सोपं होतं.

त्याची बायको एल्सपेथ मात्र गप्प बसली नाही. तिनं एक वही घेतली आणि दारोदार फिरली. चाळीसची मर्यादा पन्नास करा, हा तिचा अर्ज. ट्रक पन्नासनं गेले असते तर मागं रांग लागली नसती, रांग नसती तर माझ्या नवऱ्यानं ओव्हरटेक केलं नसतं. सही करा. पावसात फिरली, बर्फात फिरली. लोक सह्या करायचे आणि दार लावून हसायचे. मला तेव्हाच कळलं होतं ती काय करते आहे. तिला रस्त्याचं काही पडलं नव्हतं. गाढव कुणीतरी हवंच असेल तर ते त्या आकड्यानं व्हावं, माझ्या माणसानं नको, एवढंच ती मागत होती.

मग यंदाच्या एप्रिलात इंग्लंडनं आपली मर्यादा पन्नास केली. आमची चाळीसच. ग्रेटनाजवळ एक ओढा आहे, उडी मारली तर बूटही भिजणार नाहीत, तोच दोन देशांची हद्द. त्याच्या अलीकडं माझा ट्रक पन्नासनं गेला तर मी गुन्हेगार, पलीकडं गेला तर मी गुणाची बाई. ट्रक तोच, मांस तेच, बाई तीच. हे ठरवणारे लोक पगार घेतात.

आणि मुंगोला एकदम एल्सपेथचा कळवळा आला.

"शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये सभा आहे," तो मला यार्डात म्हणाला. मी टायर तपासत होते. "एडिंबरोहून वाहतूक खात्याचा माणूस येतोय. एल्सपेथ बोलणार. आणि तिच्यानंतर तू."

"मी?"

"मग कोण? तू त्या ट्रकची ड्रायव्हर. बिनडागाची. तू उठून म्हणायचं, मी कायदा पाळत होते आणि त्या कायद्यानंच माणूस मारला. बस. दोन वाक्यं. बाई रडेल, तू रडू नकोस, तुला जमत नाही."

"आणि तुला काय मिळतं यातून, मुंगो?"

"मला? सार्वजनिक हित."

"हं. प्रत्येक ट्रकची दिवसाला एक खेप जादा, असं हित."

तो हसला. दात चांगले आहेत त्याचे, दर सुट्टीत स्पेनला जाऊन उन्हात वाळवून आणतो. "नॅन," तो म्हणाला, "तुझ्या बापानं माझ्या बापाच्या किती बोटी चुकवल्या ठाऊक आहे? मी कधी बोललो? तू शनिवारी बोल. तेवढंच."

शनिवारी हॉलमध्ये मी लवकर गेले. आत चहाचं मोठं भांडं शीळ घालत होतं, टेबलावर स्कोनचे छोटे गोडसर पाव आणि साखरेच्या चौकोनी वड्या. एल्सपेथ केल्सो एकटीच खुर्च्या मांडत होती. बुटकी बाई, कोट चांगला इस्त्री केलेला, केस पावसानं चपटे झालेले. मी तिच्याशी आजवर एक अक्षर बोलले नव्हते. दुकानात ती दिसली की मी कुत्र्यांच्या खाण्यापाशी जाऊन डबे वाचायची. माझ्याकडं कुत्रा नाही.

"नॅन मॅकहॅरी," ती म्हणाली. "धर जरा ही खुर्ची. पाय वाकडाय तिचा, ती त्या एडिंबरोवाल्याला ठेवू."

मी हसले. हसायला नको होतं.

तिनं चहा ओतला, माझ्यापुढं वड्यांची ताटली सरकवली. "घे. ड्रू दर शनिवारी या करायचा. मला जमत नाहीत, माझ्या दाताला चिकटतात. पण सभेला वड्या नसल्या तर निम्मा गाव उठून जाईल." मग कपाकडं बघत म्हणाली, "तुला एक विचारू? बरेच दिवस विचारायचं होतं. तू दिसतच नाहीस. दुकानात असतेस तर कुत्र्यांच्या डब्यांत डोकं घालून."

"विचारा, मिसेस केल्सो."

"तो हॉर्न. कसा होता?"

माझ्या तोंडातली वडी दगड झाली. "म्हणजे?"

"म्हणजे आवाज कसा होता? भोंग्यासारखा, की कसा? नाही, मला आपलं कोडं पडलंय. ड्रूच्या गाडीचा हॉर्न जानेवारीतच गेला होता. वाजायचाच नाही. एप्रिलात गाडी तपासणीला न्यायची होती, तेव्हा एकदमच दुरुस्त करू म्हणाला. रस्त्यात मेंढ्या आल्या की खिडकीतून तोंड काढून 'अहो बाई, अहो बाई' करायचा. मी हसून हसून मरायची. मग त्या दिवशी हॉर्न वाजला कसा?" तिनं मान हलवली. "मी त्या लाल कानांच्या पोलिसाला सांगितलं. तो म्हणाला, बाई, दुःखात आठवणी इकडच्या तिकडं होतात. गाडीचं पुढचं अंग तर सगळं त्या गडग्यात. पाहणार कोण? मग मीही म्हटलं, होत असेल बाई. वाजला असेल एकदाचा. शेवटचा."

माझ्या कानांत तो आवाज पुन्हा वाजत होता, एक लांब, दोन आखूड, एक लांब, आणि या वेळी मी आरशात नीट पाहत होते. तांबडी चिंधी. निळी मोटार. आणि तिच्या मागं, चिकटून, एक उंच काळी गाडी, चकचकीत जाळीची. तिच्यात एक माणूस, तळहात स्टिअरिंगच्या मधोमध. तोही आरशात होताच. तीन वर्षं होता. मी त्याच्याकडं पाहिलं नव्हतं, कारण माझी घृणा आधीच एकाच्या नावावर लिहून झाली होती. अपघातानंतर तो काळ्या गाडीवाला थांबलासुद्धा नव्हता. अंग चोरून वळसा घालून गेला. त्याला घाई होती.

म्हणजे ड्रू केल्सो अकरा मैल माझ्यामागं मुकाट चालला होता. चाळीसच्या आत. पडद्याची दांडी सांभाळत. पुढं मी, मागं ते गाढव, आणि मध्ये तो. मी वाट दिली तरी तो निघाला नव्हता. दुसऱ्यांदा दिली तेव्हा निघाला. मी त्याला भित्रा म्हटलं होतं.

"तुला बरं नाही का?" एल्सपेथ म्हणाली. "पांढरी पडलीस. वडी घशात गेली का?"

"तुमच्या पुढच्या खिडकीला पडदा लावलात का हो?" मी विचारलं. का विचारलं ते देव जाणे.

"नाही," ती म्हणाली. "दांडी पोलिसांकडंच राहिली. मी मागितली नाही. लोक येता-जाता आत बघतात. बघू दे. एक म्हातारी बाई टीव्ही बघतेय, यापलीकडं काय दिसणार त्यांना?"

मग लोक येऊ लागले आणि ती खुर्च्यांकडं गेली.

हॉल भरला. एडिंबरोवाला वाकड्या पायाच्या खुर्चीवर बसला आणि दोन तास नौकेत बसल्यासारखा डुलला. मुंगो पहिला बोलला. दुःख म्हणाला, कुटुंब म्हणाला, आपला रस्ता आपलं रक्त म्हणाला. माझ्या बापानं चाळीसनं चालवलं म्हणून त्याचा पगार कापणाऱ्या माणसाचा हा मुलगा, डोळे पुसत होता. रुमालाची घडीही मोडली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या गावाला टाळ्या वाजवायला कधीच फार लागत नाही. वड्या असल्या की पुरे.

मग एल्सपेथ उठली. वही छातीशी. तिचा आवाज लहान, मागं पोचत नव्हता. "माझा नवरा घाईचा माणूस नव्हता," ती म्हणाली. "तो चहासुद्धा निववून प्यायचा. त्या रांगेनं त्याला घाई लावली."

मागच्या रांगेत आर्ची मॅकगफॉग बसला होता. त्याची शेती खळग्याला लागून, आणि जीभ सगळ्या गावाला लागून. "एल्सपेथ, बाई," तो बसल्या जागेवरून म्हणाला, "तुझं दुःख मोठं, मान्य. पण खरं ते खरं. तो खळगा इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आकडा चाळीस ठेवा, पन्नास ठेवा, नव्वद ठेवा. ज्याला अकरा मैल दम धरवत नाही, हॉर्नवर हात ठेवून जो बार्नीच्या खळग्यात घुसतो, त्याला वाचवणारा आकडा अजून निघायचाय."

कुणीतरी हसलं. एकच जण, पण हसलं. मग त्याला खोकल्याचं रूप देण्यात आलं. एडिंबरोवाल्यानं वहीत काहीतरी टिपलं.

एल्सपेथनं वही उघडली, मिटली. तिला पुढचं वाक्य सापडेना. चारशे सह्या होत्या त्या वहीत, त्यातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. मुंगोनं माझ्याकडं बघून हनुवटी उडवली. ऊठ. दोन वाक्यं.

मी उठले. ही माणसं माझ्या ओळखीची होती, सगळी, आरशातली. नाकं वर केलेली, घड्याळाकडं एक डोळा. वीस वर्षं मी यांना तुच्छ मानलं आणि स्वतःला वेगळी समजले, उंच बसते म्हणून. आणि त्या दिवशी त्या खळग्यात, उंच बसूनही ज्यानं मान वर केली नाही असं एकच माणूस रस्त्यावर होतं.

"कायदा," मी म्हणाले, आणि मुंगोनं समाधानानं डोळे मिटले. "कायदा मी पाळत होते. एकोणचाळीस. त्याबद्दल मुंगोनं मला मग दिलाय. आकडा वाढवायचा तर वाढवा, नको तर नको, माझा त्याच्याशी संबंध नाही. आर्ची, हॉर्न ड्रू केल्सोचा नव्हता."

"तूच तर पोलिसाला सांगितलंस!" आर्ची म्हणाला.

"मीच सांगितलं. खोटं सांगितलं. म्हणजे मला खरं वाटलं ते सांगितलं, पण न बघता सांगितलं. त्याचा हॉर्न बंद होता. वाजवणारा त्याच्या मागं होता, काळ्या गाडीत, आणि तो पळून गेला."

"नॅन," मुंगो दातांतून म्हणाला, "खाली बस."

"तू बस, मुंगो. नाही, बसलेलाच आहेस. मग गप्प बस."

एडिंबरोवाल्यानं पेन खाली ठेवलं. त्याला वाटलं असावं, हे त्याच्या कामाचं नाही. नव्हतंच. मी त्याच्याशी बोलत नव्हते. मुंगोशीही नाही, गावाशीही नाही. मी खुर्च्यांमधून वाट काढत पुढं गेले आणि तिच्यासमोर उभी राहिले. ती खाली बसली होती, वही मांडीवर, दोन्ही हात वहीवर, जणू वाऱ्यानं उडेल.

"एल्सपेथ," मी म्हणाले. तिच्या नावानं हाक मारायची माझी ती पहिलीच वेळ. "त्यानं दम सोडला नाही. अकरा मैल तो माझ्यामागं गप्प होता. मी त्याला डावा इंडिकेटर दिला, पुढं मोकळं आहे म्हणून. मी पाहिलं नव्हतं मोकळं आहे का ते. मला तो आवाज बंद व्हायला हवा होता, बस. तो निघाला नाही. त्याला त्या खळग्याची भीती वाटली असेल, त्याला ठाऊक होताच तो. मी पुन्हा दिला. तेव्हा त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. गाढवपणा त्याचा नव्हता. माझा होता."

तिनं वही बाजूच्या खुर्चीवर ठेवली. "रागात होता का तो?" ती म्हणाली. "शेवटी? मला एवढंच सांग. लोक म्हणतात रागात गेला."

बापाचा आवाज मला तेव्हाही ऐकू येत होता. त्याला काय दिसतं ते तुला कुठं दिसतंय. पण एवढं मला दिसलं होतं. एक क्षण, माझ्या खिडकीखाली, काचेपलीकडं. ते मी पोलिसाला सांगितलं नाही, मुंगोला नाही, स्वतःला एकटीला गाडीत असतानाही नाही, कारण ते सांगितलं की बाकीचं सगळं सांगावं लागलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "माझ्या खिडकीशी आला तेव्हा त्यानं वर बघितलं. एक हात दांडीवर होता, तो सोडला आणि वर केला. असा. हसत होता, एल्सपेथ. तो माझे आभार मानत होता."